ढिगातली सळई

आमच्या घरामागच्या खळ्यात खताचा ढीग आहे आणि त्यात एक सळई खोचलेली आहे. म्हणजे होती. 'होती' म्हणायची सवय मला अजून झालेली नाही, ढिगाबद्दल नाही आणि बायकोबद्दलही नाही.

ढीग तिचा. वावर माझं, पाणी माझं, बाजार माझा, पण गुरं आणि खत तिचं, हे लग्नापासून ठरलेलं. आमचं गाव तापीकाठचं. केळी आणि पपई हे आमचं पीक. केळीचे घड गेले की खांब उरतात, पाण्याने भरलेले, माणसाच्या मांडीएवढे. लोक ते बांधावर फेकून देतात, तिथे सडतात, डास होतात. ती ते कोयत्याने चिरून घ्यायची. त्यावर शेण, त्यावर उसाचं पाचट, वर ताक शिंपडायचं, पुन्हा शेण. दसरा-दिवाळीच्या दरम्यान ढीग रचायचा आणि मधोमध सळई खोचायची. ही सळई आमच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा उरलेली. वरचं टोक वाकवून मूठ केलेली, मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

रोज सकाळी ती सळई उपसायची आणि आतलं टोक मनगटाला लावायची. चटका बसला की खूष. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून ढिगात सरळ हात घातला होता. ती ओरडली होती, "हात भाजी जाई! सळई कसाले शे मंग?" आणि खरंच भाजला होता. शेण आणि पाला, आत ना विस्तव ना काडी, आणि माणसाचा हात भाजतो. मी तेव्हा जास्त विचार केला नाही. खत गरम होतं, झालं. दूध नासतं, लोखंड गंजतं, तसं खत गरम होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथीत हे काही नव्हतं.

थंडीत पहाटे ढिगातून वाफ निघायची. एका वर्षी गावात नवीन आलेले मास्तर सकाळी फिरायला निघाले होते, ते "आग, आग" करत आमच्या दारात आले. ती बादली घेऊन निघाली, त्यांना वाटलं विझवायला. तिने त्यांच्या समोर ढिगावर दोन तांबे पाणी शिंपडलं, म्हणाली, "ताहान लागी जास त्याले." मास्तर निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते आमच्या दारावरून जाताना हसायचे.

मागच्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. दोन्ही. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला नेऊन रक्त धुवून आणायचं. हिवाळा म्हणजे तिथे लाल मिरचीचा हंगाम. शहरात शिरलं की रिक्षात बसल्या बसल्या ठसका लागतो. निरोगी माणसाला काही वाटत नाही, पण ती खोकायला लागली की तिच्या सगळ्या अंगाचा खुळखुळा व्हायचा. तोंडावर पदर, पदरावर माझा रुमाल, त्यावर सुनेची ओढणी. तरी ठसका जायचा नाही.

तशातही दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, ढीग रचायचा. मुलगा म्हणाला, "माय, यंदा राहू दे. मी तयार खताच्या गोण्या आणतो." तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग खळ्यात खाट टाकली, ती खाटेवर बसली, आणि मी आणि सून थर घालत होतो. ती बसल्या जागेवरून बोट दाखवायची.

"पातळ टाका. पातळ. वारा जावाले जागा ठेवा. तुम्ही काय भिताडं बांधी ऱ्हायनात का?"

मी म्हटलं, "तू मुकी ऱ्हाय ना जरा."

"मी मुकी व्हयनी की मंग रचज्यात तुम्ही बरोबर!"

सून हसली. मीही हसलो. ताक तिने स्वतःच्या हाताने शिंपडलं. हात वर जात नव्हता, तरी शिंपडलं, निम्मं स्वतःच्या पायावर सांडलं. तिच्या हातचं ते शेवटचं काम. तेव्हा आम्हाला कोणाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काय केलं असतं.

त्यानंतर तिला थंडी वाजायला लागली. नुसती हवेतली थंडी नव्हे. दुपारी उन्हात खाट टाकली, अंगावर दोन गोधड्या, तरी पाय गार. नदीतला दगड हातात घ्यावा तसे. मी बसून तळवे चोळायचो. माझे हात शेतकऱ्याचे, खरबरीत. ती म्हणायची, "चामडी काढतस का मन्ही?" सुनेने गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. ती तिला चालेना. रबराचा वास येतो म्हणाली, मळमळतं.

रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आधी ती विचारायची.

"सळई पाह्यी का?"

"पाह्यी."

"कशी शे?"

"चटका बसना."

"मंग ठीक शे."

चटका बसला की ठीक, एवढं बोलणं. दिवसभरात ती दुसरं काही विचारत नव्हती. मुलाचं नाही, वावराचं नाही, स्वतःच्या रिपोर्टचं तर नाहीच. आधी एखाद-दोनदा मी न बघताच "चटका बसना" म्हणून टाकलं होतं, पण तिने माझं मनगट मागितलं. लाल झालंय का पाहायला. तेव्हापासून मी खरंच बघायला लागलो.

एक दिवस ती म्हणाली, ती सळईच आणा इकडे. मी आणली. पुसली, फडक्यात गुंडाळली. ती म्हणाली, पायाला लावा. मी गोधडी वर करून तळव्यांखाली सळई ठेवली. तिने डोळे मिटले. दुखणं लागल्यापासून तिच्या तोंडावर तसं काही मी पाहिलं नव्हतं. "मन्हा ढिगनी गरमी शे," म्हणाली.

लोखंड लवकर गार होतं. जरा वेळात सळई गार पडली. मी पुन्हा ढिगात खोचली, तापेपर्यंत थांबलो, पुन्हा आणली. मग मुलाने दुसरी तशीच सळई वाकवून दिली, म्हणजे एक तिच्या पायाशी, एक ढिगात. रोज सकाळ-संध्याकाळ माझं हेच काम. खाट ते ढीग, ढीग ते खाट. खरं सांगतो, ते दिवस वाईट नव्हते. हाताला काम होतं. डॉक्टरच्या दारात बसून नुसतं भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

पौषात एका सकाळी मी सळई घेऊन आलो. वाफ निघत होती फडक्यातून. पायाखाली ठेवली. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "चटका बसना." तरी बोलली नाही. सळई गरम होती. पाय झाले नाहीत.

पुढचं काय सांगायचं. माणसं जमली, नेलं, तापीच्या काठावर केलं जे करायचं ते. दहाव्याला बायकांनी तिची लुगडी, चोळ्या, गोधड्या एका जागी काढल्या. आमच्याकडे गेलेल्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. मी एक गोधडी मागे घेतली, पायावरची. माझी मेहुणी म्हणाली, "दाजी, ती ठेवत नसतात घरमां." मी म्हटलं, घरात नाही ठेवत. मी तरी कुठे ठेवणार होतो, मलाच माहीत नव्हतं.

त्या सगळ्या दिवसांत मी ढिगाकडे गेलो नव्हतो. एकदा सकाळी उठलो, तर सवयीने पाय तिकडे वळले. सळई उपसली, मनगटाला लावली. चटका.

मी तिथेच बसलो. ती गेली, तिची राख नदीत गेली, तिचं ताट पालथं पडलं, आणि हे तिचं केलेलं आत तापतच आहे. मी कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी जायचो, चटका घ्यायचो, यायचो. चहा गोड लागायचा मग.

शिवरात्र झाली आणि एका सकाळी चटका बसला नाही. गरम होती, पण कशी, तर चहाचा रिकामा कप हातात धरावा तशी. दोन-तीन दिवसांनी आणखी कमी. मला वाटलं, ढिगाला तहान लागली असेल. ती पाणी शिंपडायची ना. मी पाइप लावून पाणी सोडलं. भरपूर सोडलं. दोन दिवसांत ढिगातून असा घाण वास यायला लागला की सुनेने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. ढीग आणखीच गार.

मग मी सालदाराला घेऊन सगळा ढीग उपसून उलटा केला. ताजं शेण घातलं. तेव्हा मात्र तापला! आठवडाभर चांगला तापला. मी खूष. मुलगाही म्हणाला, "आप्पा, खत चांगलं होईल यंदा." खत कोणाला हवं होतं.

आणि पुन्हा गार व्हायला लागला. तेव्हा मी ती गोधडी काढली आणि ढिगावर पांघरली. सळईच्या मुठीभोवती नीट खोचली.

शेजारचा माझा भाऊबंद, माझ्याच वयाचा, लहानपणापासून जीभ लांब, तो कुंपणावरून बघत होता.

"काय रे, उकिरडाले ताप उना का?"

मी गोधडीचं एक टोक आणखी आत खोचलं.

"गोधडीबी पांघराई दिन्ही. आते डॉक्टरले बलाव. सलाईन लाव."

"तू चालना जाय आठून," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलगा वावरातून आला तो तापलेलाच. "आप्पा, लोके हासी ऱ्हायनात. उकिरडाले कोनी गोधडी पांघरस का?" मी म्हटलं, हासू दे. त्याने गोधडी ओढायला हात घातला आणि मधेच थांबला. कोणाची आहे ते त्याने ओळखलं. हात मागे घेतला, घरात गेला. त्या दिवशी जेवला नाही.

माझी नात नंदुरबारला कॉलेजात आहे. जंतूंचं शिकते, सूक्ष्मजीवशास्त्र. रविवारी घरी येते. तिला बापाने फोनवर सांगितलं असणार, कारण आल्या आल्या ती माझ्याबरोबर खळ्यात आली. हसली नाही. सळई उपसली, आजी करायची तशीच मनगटाला लावली. मग म्हणाली, "आप्पा, तुम्हाला माहिताय हे गरम कोण करतं?"

"कोण करतं म्हणजे? शेण."

"शेण नाही. जिवाणू. बॅक्टेरिया. डोळ्याला दिसत नाहीत, पण या ढिगात आपल्या जिल्ह्यात माणसं असतील त्याहून किती तरी जास्त. ते हा पाला खातात. आपण जेवलो की अंगात ऊब येते ना, तसं ते खातात आणि त्यातून गरमी निघते. आधी साधे जिवाणू खातात. ढीग तापला की ते टिकत नाहीत. मग दुसरे पुढे येतात, ज्यांना गरमीच आवडते. आपला हात भाजतो, तिथे ते आनंदाने राहतात. थोडं गार झालं तर त्यांना जमत नाही."

मी विचारलं, "म्हणजे हे जिवंत आहेत?"

"हो मग."

"ती सळई तापायची, ती त्यांनी तापवलेली?"

"त्यांनीच."

मी खाली बसलो. म्हणजे तिच्या पायांना ऊब दिली ती कोणा जिवंत जिवांनी दिली होती. डॉक्टरला जमलं नाही, मला चोळून जमलं नाही, ते ह्यांनी केलं. आणि मी पाइप लावून त्यांना बुडवत होतो.

नात सांगत होती. तिला हा विषय आवडतो, डोळे मोठे करून सांगते. जगात काही ठिकाणी जमिनीतून उकळतं पाणी येतं, त्यातही असले जिवाणू राहतात. समुद्राच्या तळाशी जिथे आग ओकणाऱ्या भेगा आहेत, तिथेही. आपल्याला जे मरण, ते त्यांचं घर. "आपल्या इकडचे गरम झरे नाहीत का? तिथे दगडावर जो हिरवा-पिवळा बुळबुळीत थर असतो ना, तोही असल्याच कुळातला."

तिने हे सहज सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ते अडकून बसलं. दही कसं लागतं? विरजण घालतो. विरजण संपलं तर शेजारणीकडून वाटीभर आणतो. तसंच हे. माझ्या ढिगातले मेले, तर जिथे आहेत तिथून आणायचे. यात न समजण्यासारखं काय आहे? मी नातीला काही बोललो नाही. ती सोमवारी कॉलेजला गेली आणि मंगळवारी मी निघालो.

शहाद्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला एक गरम पाण्याचा झरा आहे. लोक कातडीच्या दुखण्याला, सांध्याच्या दुखण्याला तिथे अंघोळीला जातात. भाऊबंदाकडे मोटरसायकल आहे. त्याला म्हटलं, चल. त्याने कारण विचारलं, मी म्हटलं गुडघे. वाटेभर तो बडबडत होता. माझ्या मांडीत थर्मास होता, तिचाच, नंदुरबारला चहा नेण्यासाठी घेतलेला. झाकणावर तिच्या औषधाच्या गोळीचा पिवळा डाग अजून आहे.

झऱ्यावर बायका लुगडी धूत होत्या. डोंगराकडच्या दोन-चार माणसांची अंघोळ चालली होती. मी पाण्यात पाय घातला. गरम होतं. जिथून पाणी निघतं, तिथल्या दगडावर खरंच हिरवा थर होता, खाली नारिंगी. मी चमच्याने खरवडायला लागलो आणि थर्मासात भरायला लागलो.

एक म्हातारी कपडे पिळता पिळता बघत होती. "गुडघा दुखस का, भाऊ?"

"नही."

"मंग?"

"घर लई जानं शे."

"काय, शेवाळ?" ती बाकीच्या बायकांकडे वळली. "आयका वं. लोके आठे अंग धोवाले येतस, हाऊ बाबा चिखल लई चालना!"

बायका हसल्या. भाऊबंदही हसला. मग त्याने माझ्या हातातला थर्मास ओळखला असावा. आमच्या घरी त्याने त्यातून पुष्कळ वेळा चहा प्यायलेला आहे. त्याचं हसू गेलं. माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि बोटाने खरवडून देऊ लागला. परतताना त्याने मोटरसायकल हळू चालवली. खड्डा आला की म्हणायचा, "धर नीट." मला धर म्हणत होता का थर्मास धर, ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर झाकण उघडलं, पाणी अजून कोमट होतं. सळई काढली, त्या भोकात सगळं ओतलं. वर एक तांब्या ताक, आणि सळई पुन्हा खोचली. विरजण लावल्यावर दही हलवत नाहीत, म्हणून मी दोन दिवस ढिगाला हात लावला नाही. गोधडी नीट केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी राहवेना. गेलो. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, चैत्र संपत आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. मी सळईच्या मुठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका! चिंधी सुटली होती, लोखंड हाताला लागलं आणि चटका बसला. मी सुनेला हाक मारली. मुलाला फोन लावायला लावला. नातीलाही सांगा म्हटलं. मी हसत होतो बहुतेक. सून माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. फोन केला असावा तिने.

नात रविवारी आली. मी तिला दुपारीच खळ्यात नेलं. "धर," म्हटलं, "धर मूठ." तिने धरली. मग हळूच सगळी सळई उपसली, उलटी केली, आणि आतलं टोक माझ्या मनगटाला लावलं.

गार. नदीतला दगड.

"आप्पा, वरचं टोक उन्हानं तापलंय," ती म्हणाली. हळू म्हणाली.

सगळा जिल्हा भट्टीसारखा तापलेला. जमीन, पत्रे, विहिरीचा कठडा, माझं डोकं. आणि नेमकं जिथे गरम पाहिजे तेवढीच वीतभर जागा गार.

मी म्हटलं, "झऱ्यावरून आणले होते. विरजण घातलं होतं."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने ओठ चावला. मला वाटलं हसते की काय, पण ती हसत नव्हती. म्हणाली, "आप्पा, विरजण कमी नाही पडलं. दूध संपलं."

"म्हणजे?"

"खायला काही उरलं नाही ढिगात. होतं तेवढं सगळं खाल्लं त्यांनी. खायला नाही तर गरमी नाही. कुठूनही आणले तरी इथे ते तापणार नाहीत."

"मग सगळे मेले?"

"बरेच. काही कवच घालून निजतात. मातीत पडून राहतात वर्षानुवर्षं. पुन्हा कधी ढीग तापला तर उठतात." आणि माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, "खत झालंय आप्पा. छान झालंय. आजीनं रचलं तसंच झालंय."

तिने ढिगातून मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं. काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं. केळीचा खांब ओळखू येत नव्हता, पाचट ओळखू येत नव्हतं. मी ते हातात धरून उभा राहिलो. बायकोनेही शेवटी खाणं सोडलं होतं. मी चमच्याने मऊ भात भरवायचो, तो ओठाच्या कडेने परत यायचा. ती गार का पडत होती, ते मला डॉक्टरने मोठमोठे शब्द वापरून सांगितलं होतं, ते काही समजलं नव्हतं. हे समजलं. समजून काही करता येत नाही, एवढंच.

मृगाच्या आधी मुलाला केळी लावायची होती. त्याने महिनाभर विषय काढला नाही. ट्रॉली दोनदा खळ्याच्या तोंडापर्यंत आणली आणि परत नेली. शेवटी एका सकाळी ट्रॅक्टर बंद करून माझ्यापाशी आला.

"उचलूत ना, आप्पा?"

"माले काय इचारस? तुन्हं वावर, तुन्हं खत."

"तसं नही ना..."

सालदार फावडं टेकवून आभाळाकडे बघत होता. मला 'हो' म्हणता येईना आणि 'नको' म्हणायला कारण सापडेना. गार झालेलं खत कशाला ठेवायचं? पोरगा थांबला असता, मला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत थांबला असता. सून पुढे आली. तिने गोधडी काढली, झटकली, घडी घातली, माझ्या हातात दिली. सळई उपसली, तीही दिली. आणि पहिली पाटी तिने स्वतः भरली.

दुपारपर्यंत खळं रिकामं झालं. ढिगाच्या जागी जमिनीवर काळा गोल राहिला. गोधडी मी दुसऱ्या दिवशी तापीत सोडली. सळई कुठे ठेवावी सुचेना, म्हणून कोपऱ्यात फावड्यांशेजारी उभी केली.

पाऊसपाणी झालं. केळीची रोपं लागली, चांगली लागली. दसऱ्यानंतर सुनेने त्याच जागेवर ढीग रचायला घेतला. मी ओट्यावर बसून बघत होतो, उठलो नाही. थर पातळ घालत होती. मधे मधे वाऱ्याला जागा ठेवत होती. ताक शिंपडलं. मग माझ्याकडे न बघता कोपऱ्यातली सळई घेतली आणि मधोमध खोचली. मुठीला नवी चिंधी, तिच्याच ओढणीची.

चार-पाच दिवस गेले असतील. सकाळी मी दात घासत होतो. तिने खळ्यातून हाक मारली.

"आप्पा, जरा हात लाई पाहा ना."

गेलो. तिने सळई उपसून धरली होती. मी मनगट पुढे केलं.

चटका बसला. चांगला कडक. मनगटावर लाल उठलं. नात म्हणते ते खरं असेल, मातीत निजलेले उठले असतील. तेच असतील नाहीतर त्यांची पोरं असतील. ढीग तोच, जागा तीच, गरमी तीच. सुनेच्या तोंडावर हसू होतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने हे माझ्यासाठी केलं होतं, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "चांगला तापना, बेटा."

आणि वळलो, घरात गेलो, मधल्या खोलीत. पाय आपोआप गेले. तिची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली आहे, तिच्यावर सुनेने धुतलेल्या गोण्या वाळत टाकल्यात. मी तिच्यासमोर मनगट पुढे करून उभा. तोंड उघडलेलं. 'चटका ब...' एवढं बाहेर आलं असावं.

बाहेरून सून विचारत होती, "काय म्हनतस, आप्पा?"

"काही नही," मी म्हटलं. "चहा ठेव."